लाल चांदणीचा कागद

मी, विन्को राडोश, वय ८१, विमान कारखान्यातला निवृत्त लेथ कारागीर, राहणार मोस्तार, डोकं ठिकाणावर असताना व कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. जनगणनेत मी आजही स्वतःला युगोस्लाव्ह लिहितो. तो देश उरलेला नाही हे समजण्याइतपत डोकं ठिकाणावर आहे.

फ्लॅट दामिर आणि गोरान या मुलांना समान. देश फुटल्यावरच्या लढाईत दोघं दोन बाजूंना होते, समोरासमोर बसून वाटणी करणार नाहीत. तेव्हा विकावा.

कामाची हत्यारं शेजारी सेनादला. त्याने माझी पटाशी नेली ती परत दिली नाही, तीही आता त्याचीच.

आमच्या जुन्या देशाचा अध्यक्ष टिटो, त्याची स्वयंपाकघरातली तसबीर माझ्यासोबत शवपेटीत ठेवावी. आम्ही त्याला म्हातारा म्हणायचो. तो गेला तेव्हा मी यंत्र बंद करून रडलो, सख्ख्या बापासाठी एवढा रडलो नव्हतो. मी क्रुसाच्या घरचा, बायको फादिला मशिदीच्या घरची, पण आमच्या लग्नात ते कुणी काढलं नाही, ही त्याची पुण्याई. फादिला म्हणायची, "तुझ्या म्हाताऱ्यानं घर बांधलं, पण किल्ली खिशात घालून गेला." तिचं खरं होतं. तरी मी तसबीर उतरवली नाही.

शेवटचं, आणि मला एवढंच हवं आहे. आमच्याकडे माणूस गेला की झाडाझाडांवर त्याच्या निधनाचा कागद लागतो: मशिदीवाल्यांना हिरवी किनार, चर्चवाल्यांना काळी आणि क्रूस, काहीच न मानणाऱ्यांना लाल चांदणी. फादिलाने चांदणी सांगितली होती. ती गेल्यावर दामिरने हिरवा लावला, गोरानने काळा, चौकातल्या एकाच झाडावर. लोक मलाच विचारत होते, "विन्को, भेटायला कुणाकडे यायचं रे?"

माझ्या कागदासाठी छापखान्यात गेलो. आन्ते म्हणाला, "काका, चांदणीचा साचा कधीच मोडीत टाकला. मागतंय कोण?"

"मी मागतोय."

"तुम्ही एकदाच मागणार."

म्हणून पत्रा कापून साचा मीच केला. कागद तयार आहे, तारीख तेवढी कोरी. मुलांना फोन केला. दामिर म्हणाला, "बाबा, लोक हसतील." गोरानही तेच म्हणाला, अगदी त्याच शब्दांत. लढाईनंतर दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

तेव्हा कागद सेनादने लावावा. तो माझ्याआधी गेला, तर न लावता राहू द्यावा.

मोस्तार, ४ मे २०१९
सही: विन्को राडोश
साक्षीदार: सेनाद हुम्यक, शेजारी (गुडघे दुखतात, पण खालच्या फांदीला लावीन)
आन्ते प्र्ल्याच, छापखानेवाला (सही पाहिली, चांदणी पाहिली नाही)