जमनाच्या विहिरीचं गुलाबी पाणी

१३ एप्रिल १९९७, रविवार. सकाळी ७.
भाजीवाली जमना दारात रडवेली. तलासरीकडच्या तिच्या पाड्यावर विहिरीचं पाणी गुलाबी झालंय. वरच्या अंगाला कापड रंगवायची शेड आहे, तिचा प्रताप. ११ मेला मुलीचं, रूपीचं लग्न. म्हणाली, दादा, वऱ्हाडाला काय सरबत म्हणून पाजू? शब्द देऊन टाकला: याच विहिरीचं पाणी पाजशील, तेही काचेसारखं. डहाणू स्टेशनात तीस वर्षं सिग्नल सांभाळले. विहीर ती काय!

१६ एप्रिल.
वाचनालयातल्या मासिकात इलाज सापडला. परसल्फेट अधिक हिराकस. हिराकसातल्या लोखंडाने परसल्फेट खवळतं आणि रंगाचे तुकडे पाडतं. पाणी मात्र आंबट हवं. शाळेतून दोन्ही चिमूटभर मागून आणलं, लिंबू पिळलं आणि विहिरीच्या पाण्यासकट बरणीत घालून उन्हात ठेवलं. दुपारपर्यंत गुलाबी गायब! बायकोला, सुधाला हाक मारली. बाईसाहेब म्हणाल्या, लोणच्याची बरणी होती ती.

२० एप्रिल, रविवार.
वापीहून माल आणला, पाणी आंबट करायला आम्लही. एसटीत पिशवी मांडीवर. शेजारचा दोनदा सरकून बसला, तिसऱ्यांदा उठूनच गेला. सगळं विहिरीत ओतलं. निघताना पाड्याला छोटं भाषण: विहीर तुमची, तुम्हीही हातभार लावा. लोकसहभागाशिवाय काही होत नाही.

२७ एप्रिल.
गुलाबी तसंच. वर तपकिरी गाळ. हिराकस भेसळीचं असणार. दुप्पट टाकलं. आता बघतोच.

४ मे. दुपार. डोकं दुखतंय.
पाणी चहासारखं. लिटमस लावला तर निळा! आंबट पाणी गेलं कुठे? ओरडलोच. जमनाची सासू ठकी अभिमानाने पुढे आली. म्हणाली, रोज घमेलंभर चुना टाकतो ना, दादा. तुम्हीच बोललात, हातभार लावा. पाड्यात विहीर साफ करायची म्हणजे चुनाच, हे मला कुणी सांगायचं? चुन्याने लोखंड तळाला बसवलं, परसल्फेट नुसतं पोहतंय. बिचारीला काय बोलणार. छान केलंत, म्हटलं. सुधा म्हणते, विहीर उपसा आणि शेडवाल्याच्या दारात जाऊन बसा. तिला केमिस्ट्री कळत नाही. डोस तिप्पट.

११ मे. संध्याकाळ.
लग्न झालं. मांडवात बसताच पाण्याचा तांब्या आला. गार, नितळ. तीन पेले प्यालो. चार शब्द बोलायला उभा राहिलो, एवढ्यात जमना कानाशी आली. म्हणाली, हे ओढ्याच्या वाळूत झिरा खणला त्याचं पाणी. तुम्ही पहिलं औषध टाकलंत त्याच दिवशी खणला. औषधाचं पाणी कोण पिणार, दादा?
मग चुना कशाला टाकत होतात, विचारलं.
म्हणाली, एवढ्या उन्हाचे येता. मन कसं मोडायचं?
खाली बसलो. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.
घरी सुधाने विचारलं, पाणी कसं झालंय?
गोड, म्हटलं. खोटं नाही.