गळ्यावरची दोन बोटं

जयपूर

प्रिय गौतमी,

फोन हाताशी असताना हिला पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं म्हणशील. सांगते. इस्पितळात मी फोनवर बोललेलं संध्याकाळपर्यंत सी-स्कीम भागातल्या आमच्या मुख्य कचेरीत पोचतं, असा मला दाट संशय आहे. देवदत्त म्हणतो, तुझा संशय म्हणजे इथली धूळ, पुसली की पुन्हा बसते. नवऱ्यांना बोलायला काय जातं!

झालंय असं, की आमच्याकडे विनयजी नावाचे नवे संचालक आलेत. डॉक्टर नाहीत, आधी म्हणे हॉटेलं चालवायचे. त्यांनी बुधवार सुरू केलाय. दर बुधवारी एकेका ज्येष्ठ डॉक्टरने आपली खासियत सगळ्यांना शिकवायची, तीही कॅमेऱ्यासमोर. ज्ञान वाटल्याने वाढतं, अशी पाटीसुद्धा लिफ्टशेजारी लागलीय. वाढतं हे मलाही ठाऊक आहे गं. पण ज्याचं वाटून झालं त्याला पुढे कोण विचारतं? हाडांच्या गौरांगसरांनी हातचं न राखता सगळं शिकवलं, आणि लगेच त्यांचा करार अर्ध्या वेळेचा झाला. योगायोग म्हणे!

माझी खासियत तुला सांगायला नको. गुटख्याने तोंड आखडलेली माणसं इथे सारखी येतात, चमचा जाईल एवढीही फट नसते. भूल द्यायची तर श्वासाची नळी नाकातून घालावी लागते, रुग्ण जागा असतानाच. दुर्बीण आतली वाट दाखवते, पण तिच्यावरून नळी सरकवताना ती कुठेतरी अडते. जोर केला की रक्त येतं आणि मग दुर्बिणीत लाल रंगाशिवाय काही दिसत नाही. असं अडलं की मला बोलावणं येतं. पाहुण्यांना घेऊन आमेरचा किल्ला दाखवायला निघालेली मी अर्ध्या रस्त्यातून परत आलेय.

माझा बुधवार आला तेव्हा मी सगळं दाखवलं. औषधं, नळीचा बाक, ती किती नि कधी फिरवायची, सगळं. फक्त डाव्या हाताबद्दल बोलले नाही. तो रुग्णाच्या गळ्यावर असतो ना, त्याची दोन बोटं. नळीचं टोक कुठल्या बाजूला अडलंय ते कातडीवरून त्या बोटांना कळतं आणि त्याप्रमाणे उजवा हात वळतो. बघणाऱ्यांना वाटतं, मॅडम रुग्णाला धीर देताहेत. विनयजींनी तर त्या मायेच्या स्पर्शाचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी नुसती हसले. आपल्या यमुनाबाईंनी आपल्या दोघींची बोटं धरून रुग्णाच्या गळ्यावर ठेवली होती, आठवतं? पण बाईंची नोकरी सरकारी होती. त्यांना कोण काढणार होतं?

माझ्या हाताखाली हिमानी म्हणून मुलगी आहे, जवळच्या चाकसू गावची. सतत माझ्या कोपराला चिकटून उभी. माझ्या चहात साखर नको हेसुद्धा तिच्या लक्षात असतं. माझं म्हणणं असं, की चहावर इतकं लक्ष असणाऱ्याचं खुर्चीवरही असतंच. तिने पुन्हा पुन्हा विचारलं, मॅडम, आप जैसा ही करती हूँ, फिर भी अटक जाती है. मी म्हटलं, सराव कर. आणि गंमत बघ, गेल्या महिन्यात माझाही करार अर्ध्या वेळेचा झाला. म्हणजे माझा संशय खरा होता, आणि हातचं राखूनही व्हायचं ते झालंच.

आता तुला न सांगितलेली गोष्ट. एवढ्या उन्हात गळ्याला ओढणी का गुंडाळतेस, असं तू व्हिडिओवर विचारलं होतंस आणि मी एसीवर ढकललं होतं. एसी नाही, थायरॉइडची गाठ आहे. वाढून वाढून तिने श्वासनलिका एका बाजूला सारलीय. मानही संधिवाताने ताठ झालीय. आडवं झालं की धाप लागते, त्यामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यासारखी नाही. देवदत्त दिल्लीला चल म्हणतो. पण तिथे कुणाची बोटं माझ्या ओळखीची आहेत? भूल देण्याआधीची तपासणी हिमानीने केली. मान हलवून पाहिली, स्कॅन पाहिला आणि तिचा चेहराच उतरला. हळूच म्हणाली, मॅडम, ऐसे केस में तो हम आपको बुलाते हैं.

गौतमी, हे पत्र लिहायचं ठरवलं होतं ते तुला बोलावण्यासाठी. बाईंची ती विद्या आता माझ्याशिवाय तुझ्याचकडे आहे, तेव्हा नागपूरहून ये आणि माझ्या उशाशी उभी राहा, असं लिहिणार होते. पण काल हिमानीला घरी बोलावलं. उशीला टेकून बसले, तिची दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवली, गिळून दाखवलं, खोकून दाखवलं, आणि त्या बुधवारी गाळलेलं सगळं सांगितलं. ती रडायलाच लागली. ते रडू माझ्यासाठी होतं की माझ्यावरच्या रागाचं, देव जाणे. तरी तू ये. आत नको येऊस, बाहेर देवदत्तापाशी बस. आणि काही कमीजास्त झालंच तर विनयजींना सांग, त्या पोरीला बोल लावू नका, तिला हे शिकायला फार उशिरा मिळालं. शस्त्रक्रिया येत्या बुधवारी आहे. मला भीती वाटतेय गं. नळी आत जाईपर्यंत मी जागी असेन. आतून गळा बधिर असेल, तोंडातून शब्द फुटणार नाही, पण बाहेरून कातडीला स्पर्श कळतो. तिची दोन बोटं गळ्यावर टेकतात का, एवढ्याचीच मी वाट बघणार आहे.

तुझीच, अजून शहाणी न झालेली,
सुमित्रा