आज मी राजी आहे

श्रीरामपूर,
रविवार, २८ फेब्रुवारी १९७१

प्रिय मरियाक्का,

प्रभूमध्ये तुला आणि घोडेगावच्या सर्व मंडळींना सलाम. आम्ही नवराबायको बरी आहोत. थंडीत कृपाचा गुडघा धरला होता, आता चालते. तुझी शेळी व्याली का? दोन वर्षं पत्र टाकलं नाही, चूक माझीच.

आमच्या जिनात वीज आली. कापसातली सरकी काढणारी यंत्रं आता विजेच्या मोटरीवर चालतील, म्हणजे माझ्या तेलाच्या इंजिनाचं काम संपलं. जानेवारीअखेर राधाकृष्णशेठांनी बोलावलं. म्हणाले, "आमोस, राजीनामा लिहून दे. स्वखुशीने, असं घाल. नियमाप्रमाणे पुढचा महिना काम कर, मग चांगला दाखला देतो."

मी म्हटलं, "शेठ, जा असं तुम्ही म्हणता. मग खुशी माझी कशी? राजी नसताना राजीनामा कसा लिहू?"

कारकून सहादेव हसायला लागला. "काका, मालकानं काढलं तर म्हैन्याची नोटीस त्यानं द्यायची, तुमी सोडलं तर तुमी. एका शब्दाचा तर फरक हाय. त्यात फेब्रुवारी, दोन दिस सुटले तुमचे."

मी कागद दिला नाही. कामावर मात्र रोज गेलो. कृपा म्हणायची, "कागद दिला न्हाई, मग कशाला झिजताय तिथं?" मला नीट सांगता येईना. बावीस वर्षं ज्याच्याशी बोललो ते इंजिन अर्ध्या हंगामात टाकून प्रार्थनेला बसवत नव्हतं, एवढंच.

काल शेवटचा दिवस. वायरमन म्हणाला, "तुम्हीच दाबा बटण." आमच्या इंजिनाचं डोकं अर्धा तास दिव्यावर तापवायचं, मग दोघांनी मिळून चाक ओढायचं. इथं मी एक बोट ठेवलं. आक्का, सगळी यंत्रं एकदम उठली. धूर नाही, धक्का नाही. तारेत हलताना काही दिसत नाही, आणि पांढराशुभ्र कापूस पडतोच आहे. मी टोपी काढली. देव न दिसता काम करतो, हे लहानपणापासून ऐकत आलो. काल ते बोटाला कळलं. महिनाभर सांभाळलेला राग शोधला, तर सापडेना.

तिथंच सहादेवकडून कागद घेऊन लिहिलं, 'मालकांनी मागितला म्हणून राजीनामा देतो. आज मी राजी आहे.'

शेठ म्हणाले, "पहिलं वाक्य खोड."

"मग दुसरंही खोडावं लागेल, शेठ."

शेठांनी कागद ठेवून घेतला. दाखला दिला नाही.

आता खरं सांगतो. आमची खोली जिनाची. पंधरा तारखेपर्यंत सोडायची आहे. दाखल्याशिवाय इथं कोणी कामावर घेत नाही. कृपा म्हणते, आक्काला कोणत्या तोंडानं लिहिणार? तिचं बरोबर आहे. आईच्या मातीच्या दिवशी, तिची सेवा केलेल्या तुला मी चार माणसांत म्हणालो, या घराशी तुझा काही संबंध नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

आज तू राहतेस त्याच घराच्या ओसरीवर आम्हा दोघांपुरती जागा देशील का? नाही म्हणालीस तरी मी राजीच असेन.

तुझ्या दाराबाहेर उभा,
तुझा धाकटा भाऊ
आमोस