प्लॅस्टरचे बगळे

सोमवार
आले एकदाची! खोली तळ्याच्या काठावर, जुन्या पंपघरात. खिडकीतून सगळं पाणी दिसतं. इथे वर्षानुवर्षं शहराचा कचरा पडायचा. आता नगरपालिका आणि एक निसर्गसंस्था यांनी मिळून तळं साफ केलंय, पक्षी परतावेत म्हणून. त्यामुळे मला वरिष्ठही दोन: पालिकेचे साहेब, संस्थेच्या बाई. रखवालदारकाका म्हणाले, दोन सासवांची एकुलती सून आहेस, जपून राहा.

काम मजेशीर आहे. चिखलात प्लॅस्टरचे बगळे उभे करायचे आणि भोंग्यावर थव्याच्या कलकलाटाची फीत लावायची. वरून जाणाऱ्या बगळ्यांना वाटतं, खाली आपलीच माणसं आहेत, आणि ते उतरतात. काका जाता-येता त्या खोट्या बगळ्यांना विचारतात, काय मंडळी, झाला का चहा?

रविवारी धाकटी बहीण राहायला येणार. उशीचा अभ्रा धुतला.

बुधवार
एकही बगळा उतरला नाही. थवा येतो, घिरट्या घालतो, काठच्या पाणकणसांच्या उंच गवती रानावर आला की फुटतो आणि निघून जातो. माझंच काही चुकलं असेल. फीत पुन्हा तपासली, सगळ्या बगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे केली.

दुपारी पाणकणसांतून धाकटीची हाक आली. मी लगेच म्हटलं, "ओ, आले!" शाळेत घालण्याआधी आम्हा दोघींना आत्यानेच घरी शिकवलं. तिचा पहिला धडा हाच: पहिल्या हाकेला ओ द्यायची. बांधापर्यंत गेलेसुद्धा. मग आठवलं, धाकटी तर घरी आहे. काका हसले. म्हणाले, एवढी कसली घाई, रविवार येतोच आहे.

शुक्रवार
भोंगा बंद होता. तरी पाणकणसांतून कलकलाट आला. आमच्याच फितीचा, मधल्या खरखरीसकट. मग माझा आवाज. "ओ, आले." पुन्हा पुन्हा, सराव केल्यासारखा.

काका कालपासून इकडे फिरकले नाहीत. पलीकडच्या बांधावर उभे दिसतात, पाठमोरे. हाक मारली, वळले नाहीत. वारा सुटला तरी सदरा हलत नाही.

साहेबांना फोन केला. म्हणाले, रखवालदार संस्थेचा, बाईंना विचारा. बाई म्हणाल्या, तो पालिकेचा.

शनिवार
जवळ गेले. जायला नको होतं. पाठीमागून काका. समोरून काही केलेलंच नाही — नुसता चिखल, गुळगुळीत —

आम्ही बगळ्यांना बोलावतो, तसंच पाणकणसांतलं ते जे काही आहे, ते आम्हाला —

धाकटीला फोन केला, येऊ नकोस. हसली. म्हणाली, तू लहानपणापासून भित्रीच, तिकीट काढलंय मी.

रविवार
बारा वाजता येणार होती. लवकर आली. फोनवर निरोप: फाटकापाशी पोचले, दिसलीस, निळा कोट घालून बांधावर उभीच आहेस की.

मी खोलीत आहे. खुंटीवर माझा निळा कोट नाही.

ती फोन उचलत नाही. पाणकणसांतून माझा आवाज तिला हाक मारतोय. तीही आत्याकडेच शिकली. ती ओ देणार, पहिल्याच —

मी जातेय. आम्ही दोघी परत आलो नाही, तर भोंगा बंद ठेवा. आणि बांधावर मी उभी दिसले, तर कोणीही जवळ —

"ओ ताई, आ