सोमवारची गोळी

सो. ३ नोव्हेंबर
वही सुरू. डॉ. बाईंची आज्ञा. गोळी कमी करतोय, तर रोज दोन ओळी लिहायच्या: झोप, डोकं, मन. मी म्हटलं, निबंध जमणार नाही, मी गणिताची. त्या म्हणाल्या, मग आकडे लिहा. खुणा ठरवल्या. क = डोक्यात करंट. च = चक्कर. र = रडू. सं = संशय. शेवटची त्यांनीच सुचवली. माझ्या तोंडावर दिसलं असणार.

मोठी गोळी शनिवारपासून बंद, धाकटी सुरू. सहा आठवडे हीच. एकदम बंद करायची नाही, हे तीनदा सांगितलं. मी काय आठवीतली आहे?

आज उपवास. गोळी 'नाश्त्यानंतर' लिहिलीय. नाश्ताच नाही, तर गोळी कुठली. आजवर सोमवारी संध्याकाळी उपवास सोडला की घ्यायचे. आता कमीच करायचीय तर सोमवारची कशाला? तेवढीच आठवड्याला एक वजा. डॉ. बाईंना विचारलेलं नाही.

मं. ४ नोव्हें.
क सहा. फळ्याकडून वर्गाकडे मान वळवली की डोळ्यांमागे झर्रकन काहीतरी जातं, ओल्या हाताने मिक्सरला हात लावल्यासारखं. नववी ब मागे हसत होती. मलाच हसत होती.
सं: मेडिकलवाल्याने गोळ्या बदलून दिल्या. पाकिटाचा रंग निराळा आहे. शाळेतून परस्पर दुकानात गेले. "मॅडम, औषध त्येच हाय की. कंपनी बदलली." पटलं नाही. डॉ. बाईंना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: तेच आहे.

बु. ५ नोव्हें.
क एक. झोप बरी. पाचव्या दिवशी पाणी आलं. पातेल्यांपासून पेल्यांपर्यंत सगळं भरून ठेवलं. नववी ब आजही हसत होती. मागच्या बाकावर कोणीतरी कडक भाकरी आणली होती, तिचा आवाज येतो म्हणून. माझा काही संबंध नव्हता.

श. ८ नोव्हें.
सकाळची शाळा. क नाही, च नाही.
केतकीचा पुण्याहून फोन. "आई, चांगलं चाललंय तर गोळी सोडतेस कशाला?" लेकीला काय सांगायचं? आई गेल्यावर मी सहा महिने अंथरुणाला होते. गोळीने उभं केलं, नाकारत नाही. पण आता तीन वर्षं झाली. आईच्या वर्षश्राद्धाला डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आणि घरात मी जरा आवाज चढवला की ह्यांचं ठरलेलं: "गोळी घेतलीस का?" भाजीवाल्याने कुजके टोमॅटो घातले म्हणून चिडले तरी हेच. माझा राग माझा की गोळीचा, हे मला एकदा कळायला हवंय. दुसरं काही नको.

मं. ११ नोव्हें.
क आठ. च दोन. जिन्यात कठडा धरून उतरले.
स्कूटरची किल्ली खुंटीवर नाही. परवाच हे म्हणाले होते, "चक्कर येते तर काही दिवस रिक्षाने जा." म्हणजे ह्यांनीच लपवली. विचारलं. नाही म्हणाले. तोंडावर खोटं बोलताय, म्हटलं. मी बरंच बोलले, शेजारी ऐकू गेलं असेल. ह्यांनी शांतपणे पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "गोळी घेतलीस का?"
त्या शांतपणाचाच मला जास्त राग येतो. रिक्षाने गेले. सात रस्त्याच्या चौकात अडकले, प्रार्थना चुकली.

गु. १३ नोव्हें.
किल्ली सापडली. माझ्याच डब्याच्या पिशवीत, शेंगाचटणीच्या डबीखाली. ह्यांना सांगितलं नाही. गुपचूप खुंटीला अडकवली. ह्यांनी पाहिली. लाज वाटली.

मं. १८ नोव्हें.
क मोजायचे सोडून दिले. र.
सकाळी हे गॅलरीत फोनवर होते. "तिला आत्ता काही सांगू नको." मी दार उघडलं तर "बघू मग" म्हणून फोन ठेवला. कोणाचा? "बँकेतला." ह्यांच्या बँकेतल्या कोणाला माझ्याबद्दल काय सांगायचं नाही?
दुपारच्या सुट्टीत केतकीला फोन केला. तुम्ही बापलेक माझ्यामागे काय शिजवताय, असं विचारलं. असंच, ह्याच शब्दांत. "आई, मला बाबांचा आठवडाभर फोनच नाही." मग तिला रडू फुटलं. मग मला. स्टाफरूमच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले. तीन वर्षांनी. लेकीला दुखावलं त्याचं वाईट वाटतंय आणि रडू आलं त्याचं बरंही वाटतंय. दोन्ही लिहून ठेवते.

गु. २० नोव्हें.
क नाही. च नाही. डोकं लख्ख.
संध्याकाळी सासूबाईंचा बार्शीहून फोन. दिवाळीत मोरीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून पलंगावर आहेत. धाकटे भाऊजी एकटेच त्यांचं करतात, बायको नाही त्यांना. मी म्हटलं, नाताळात येते चार दिवस.
"चार दिस कशाला? दोन-तीन म्हैनं कशीबशी कळ काढते गं. मग तू कायमचीच येनार हाईस की."
"कोण म्हणालं?"
"तुझा नवराच म्हनला, सुधीर. शाळा सोडतीया म्हनला."
मागून भाऊजींनी फोन घेतला. "वहिनी, आईचं मनावर घेऊ नका. वयाने गोंधळते ती."
सासूबाईंना गावातल्या प्रत्येक पोराचा वाढदिवस पाठ आहे. त्या कधी गोंधळतात?
सं.

श. २२ नोव्हें.
हे अंघोळीला गेल्यावर ह्यांची बॅग उघडली. लाइटबिल शोधत होते. खोटं कशाला लिहू, लाइटबिल फ्रिजवर होतं.
प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये टाइप केलेला अर्ज. मा. मुख्याध्यापक यांस. माझं नाव, चोवीस वर्षांची सेवा. 'सततच्या मानसिक अस्वास्थ्यामुळे स्वेच्छानिवृत्ती मिळावी.' खाली सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली. मी मुलांना भूमितीत जिथं बिंदू काढायचा तिथं करून देते तशी.
जसा होता तसा ठेवला. बॅग बंद केली. क नाही, च नाही.

र. २३ नोव्हें.
काल खरंच वाचलं का मी? किल्लीच्या वेळी खात्रीच होती की मला. आज परत बॅग उघडली. आहे. मोबाइलवर फोटो काढला.
बोलले नाही. बोलले तर काय ऐकायला मिळेल ते पाठ आहे.
दुपारी ह्यांनी स्वतः दशम्या तव्यावर गरम करून वाढल्या. "वाळलीस गं तू." असं म्हणणारा माणूस तसा अर्ज टाइप करेल? आणि टाइप करणारा दशम्या गरम करेल?

सो. २४ नोव्हें.
उपवास. संध्याकाळी डॉ. बाई. हे सोबत येतो म्हणाले, नको म्हटलं.
त्यांनी वही पहिल्यापासून वाचली. मग पेनाने खुणा करत गेल्या. मंगळ. मंगळ. मंगळ.
"सोमवारी काय असतं?"
"उपवास."
"आणि गोळी?"
मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हातच लावला. "अहो बाई, गोळी म्हणजे काय साबुदाण्याची खिचडी आहे?" सहा दिवस घ्यायची, सातव्या दिवशी नाही, म्हणजे शरीराला दर आठवड्याला एक धक्का. करंट, चक्कर, चिडचिड त्यातून. गोळी कमी करायची ती सगळ्या दिवशी सारखी आणि हळूहळू. मधले वार गाळून नाही. उपवासाला दुधाबरोबर घ्या. आजची घरी गेल्या गेल्या घ्या. अजून चार आठवडे काही कमी करायचं नाही. जगणं नको वाटलं तर वहीत लिहून ठेवायचं नाही, तडक फोन करायचा.
चोवीस वर्षं पोरांना सांगतेय, गणित वाचल्याशिवाय सोडवू नका. आणि मी.
विचारलं, "म्हणजे माझे सगळे संशय गोळीचे?"
"मी असं म्हटलं का? गणिताच्या ना तुम्ही? वार बघा."
मग अर्जाचा फोटो दाखवला. फोटो मोठा करून वाचला. "नोकरी सोडणं वगैरे मोठे निर्णय ह्या दिवसांत घ्यायचे नाहीत. कोणी घाई केली तर माझं नाव सांगा." अर्जाबद्दल तेवढंच.

मं. २५ नोव्हें.
पहिला बरा मंगळवार. क दोन, पुसट.
मोकळ्या तासाला तक्ता केला. मेडिकलवाला: मंगळ. नववी ब: मंगळ. किल्ली: मंगळ. तिन्ही खोटे निघाले. गॅलरीतला फोन: मंगळ, पण तो खोटा निघालेला नाही. सासूबाई: गुरुवार. अर्ज: शनिवार. दोन्ही वेळा क शून्य.
दोन आठवडे थांबायचं. गोळी रोज एकाच वेळी घेऊनही फोटोतला अर्ज तसाच दिसला तर बोलायचं.

सो. १ डिसेंबर
गोळी ७.४०, दुधाबरोबर. उपवास मोडल्यासारखं काही वाटलं नाही. देवघरासमोर जरा घुटमळले तेवढंच.

मं. २ डिसें.
क नाही. नववी ब ला गुणोत्तर-प्रमाण घेतलं. मान हवी तशी वळवली.

र. ७ डिसें.
बोलले.
चहा झाल्यावर मोबाइल ह्यांच्यापुढे ठेवला. बघितलं. रंग उतरला. मग तेच, सवयीने: "गोळी घेतलीस का आज?"
गोळ्यांचं पाकीट ठेवलं. वही ठेवली. "सात चाळीसला. वार बघा, तारखा बघा. मंगळवारची किल्ली माझी चूक, पाया पडते. पण हा अर्ज शनिवारचा आहे."
हे वही वाचत राहिले. किल्लीपाशी थोडं हसू आलं त्यांना. मग बोलायला लागले. आईला नर्स नको, परकं माणूस नको. भाऊ म्हणतो, मी एकटा किती दिवस काढू. आणि तू जिन्यात कठडा धरून उतरतेस. "परत तसं झालं तर? तुला कंगवासुद्धा उचलवत नव्हता. सहा महिने मी वेणी घातलीय तुझी."
खरं आहे. वाकडी घालायचे, पण रोज घालायचे. मला आठवतं. म्हणून काय सही करू?
"मला विचारलं का नाहीत?"
"तुझी तब्येत..."
"तब्येत बरी नव्हती तर सही कशी चालली असती?"
हे उठले. बॅग आणली, अर्ज काढला, माझ्यासमोर चार तुकडे केले. "झालं समाधान?"
झालं. खरंच झालं. संध्याकाळी दोघं पायी फिरून आलो. सासूबाईंना इकडेच आणू, दिवसा बाई ठेवू, असं मी सुचवलं. बघू म्हणाले. र थोडं, चांगलं.

सो. ८ डिसें.
गोळी ७.४०, दूध. क नाही, च नाही, सं नाही. वही आता दोन दिवसांआड लिहावी म्हणते.

मं. ९ डिसें.
गोळी ७.४०, पोह्यांनंतर.
शाळेत शिपाईमामांनी घंटेच्या आधी गाठलं. "बाई, तुमचं सायेब आलतं काल. हेडसरांकडं लई येळ बसलं हुतं. तुमी स्कॉलरशिपच्या तासाला हुता, म्हनून बोलीवलं न्हाय."
तासाला गेले. शिकवलं. एकही उदाहरण चुकलं नाही.
अर्ज रद्द सांगायलाच गेले असतील. आधी हेडसरांच्या कानावर घातलं असणार, आता मागे घ्यायचं, लाज वाटली असेल. माणूस वाईट नाही. मग मला सांगायला काय हरकत होती? आणि टाइप केलेला कागद फाडला तरी तो परत किती वेळात निघतो?
संध्याकाळी कणीक मळता मळता सहज विचारलं, "काल बँकेत गर्दी होती का हो?"
"सोमवार ना. दिवसभर मान वर काढली नाही बघ." आणि मग, प्रेमाने, "का गं? गोळी घेतलीस ना?"
घेतली.
क नाही. च नाही. र नाही. सं एक.