चार अंश जास्त

प्रिय ठमाबाई,

रविवारी फोनवर तू म्हणालीस, बाबा, आवाज किती छान लागलाय तुमचा. मी खूश होऊन शाळेतली एक अख्खी कविता चालीवर म्हणून दाखवली. फोन ठेवल्यावर तीच पुन्हा स्वयंपाकघरात म्हटली. तिथे निदान भांडी दाद देतात.

आज कपाट आवरताना प्रयोगशाळेतला तो काचेचा तंतू सापडला. लहानपणी तू त्याला परीचा केस म्हणायचीस. आमच्या प्रयोगशाळेत गॅमा किरण सोडायची जी बंद खोली होती, तिथल्या टाकीतल्या पाण्यात तो सोडलेला असायचा. त्यातून उजेड पाठवायचा आणि परत आलेल्या उजेडाच्या रंगावरून बाहेर बसून पाण्याचं तापमान वाचायचं. पण किरण खाऊन खाऊन काच आतून मळायची, उजेडाचा रंग सरकायचा, आणि पाणी गार असलं तरी तंतू बापडा चार अंश जास्त सांगायचा. मुद्दाम नाही हं, त्याला तसंच वाटायचं. साहेब मला चिडवायचे, कविराज, काच तुमच्याच वळणावर गेली, नसलेली ऊब सांगते. मग किरण बंद करून आत जायचं, साधं थर्मामीटर पाण्यात बुडवायचं आणि फरक वजा करायचा.

घरी ते काम तुझी आई करायची. मी कितीही मजेत आहे म्हटलं तरी पालथा हात माझ्या कपाळाला लावायची आणि म्हणायची, पुरे झालं काव्य, गुपचूप पडून राहा. ती गेल्यापासून माझं म्हणणं कोणी पडताळून बघत नाही. वाण्याला मजेत, शेजाऱ्यांना मजेत, तुलाही मजेत. संध्याकाळी दिवा लावायचा राहून जातो. अंधारात का बसलात, असं विचारणारं कोणी नसतं ना.

तर मुद्द्याचं. माझ्या मानेत एक गाठ निघाली आहे. पुढच्या सोमवारपासून मलाच किरण देणार आहेत. इतकी वर्षं काच आत आणि मी बाहेर, आता माझी पाळी. डॉक्टर म्हणतात, बरं होण्यासारखं आहे. तू फोन करशील, मी मजेत म्हणेन, आणि तुला आवाज छानच वाटेल. त्यावर जाऊ नकोस. ये. रजा नसेल तर दोनच दिवस ये. आईसारखा पालथा हात कपाळाला लाव, आणि माझ्या बोलण्यातून चार अंश वजा कर.

तुझाच,
बाबा