पिवळ्या बांगडीचं गाव

गेवराई, दसऱ्यानंतरचा रविवार, दिवेलागण

तोरण झालं, पण ती पिवळी बांगडी काही डोक्यातून जात नाही.

तोरणासाठी मी मारे फुशारकीनं कोकणातून आणलेले शिंपले काढले. माझी मैत्रीण रुक्मिण दरसाल ऊसतोडीला जाते. तिथं फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे तिनं डबाभर जपलेत. दिव्याच्या ज्योतीवर तुकडा वाकवून ती कडीत कडी अडकवत गेली, मी मधे मधे शिंपले बांधले. गावांची नावं तिच्या लक्षात नाहीत. तिथल्या बाजारात भरलेल्या बांगडीच्या रंगावरून ती गाव ओळखते. हिरवी म्हणजे कालव्याकाठचं, लाल म्हणजे पोरगी झाली ते.

"आणि ही पिवळी?"

"ते न्हाई सांगता येत. पाणी लई गोड होतं बग तिथलं."

कुठलं असेल? साताऱ्याकडचं? की पार कर्नाटकातलं? मोबाईलवर नकाशा उघडून बसले, पण पाण्याच्या चवीवरून गाव शोधायचं कसं?

तेवढ्यात तिनंच विचारलं, "तुज्या शिंपल्याच्या गावचं पाणी कसं हाय गं?"

मी चार दिवस होते तिथं. बाटलीचंच पाणी प्यायले.